गॅरेजात न तापणारी जीप

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. अंकलिपी घरात यायच्या आधी 'जाहीर आवाहन' आलं होतं. बाबांचं सायक्लोस्टाइलचं यंत्र पडवीत एका लाकडी खोक्यावर असायचं. हँडल फिरलं की आधी 'खटक' आणि मग कागद सुटल्याचा 'सर्र' असा आवाज यायचा, आणि त्या खटक-सर्रवर मी सकाळी उठायची. पिवळा कागद स्वस्त मिळे, म्हणून आमचं सगळं लढणं पिवळ्या कागदावर. उरलेली पत्रकं फडताळात अंथरली जात, सुकवलेल्या झिंग्यांचे पुडे त्यांतच बांधले जात, आणि पावसाळ्यात आई त्यांवरच वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, चिरायला बसायची. घरात भात, लाखोरीची डाळ आणि मासोळी नेहमीची, पण वास्त्यांच्या भाजीला शाईचा किंचित वास असायचा, आणि बाहेर कुठे ती भाजी खाल्ली की मला अजूनही काहीतरी कमी वाटतं. प्रत्येक पत्रकाच्या शेवटी मागण्या असत, त्यामुळे मीही तशीच बोलायला लागले. भातात खडा लागला की म्हणायची, "या घरातल्या जेवणाऱ्यांचा अंत पाहू नका." आई पळी उगारून म्हणे, "मागन्या लिहून दे, समे. तुह्या बापाच्या मागन्यायसंगं टाचनीनं लावून देऊ."

माझं नाव समता. आमच्या घरात दुसरं नाव निघणं शक्यच नव्हतं. माझं वय आत्मकथन लिहायचं नाही, असं एका ज्येष्ठ गृहस्थांनी मला अलीकडेच सुनावलं. नसेल. पण ज्यांचं आयुष्य मागण्या करण्यात जातं, त्यांनी मान्य झालेल्या गोष्टी आठवतात तोवर लिहून ठेवाव्यात. नाहीतर पुढच्या माणसाला वाटायचं की कधी काही मान्य झालंच नाही. हे प्रकरण अशाच एका पावसाळ्याचं आहे. त्यात मी भरपूर भांडले, भरपूर घाबरले, आणि शेवटी असं हायसं वाटलं की तसं नंतर क्वचितच वाटलं.

आम्ही ढिवर. मोहाडी तालुक्यातल्या आमच्या गावाला एक मोठा मामा तलाव, म्हणजे जुना मालगुजारी तलाव, आहे आणि गावातली ढिवर घरं त्या तलावावर जगतात. आमची मच्छीमारांची सोसायटी होती आणि बाबा, म्हणजे सगळ्यांचे लहानूभाऊ, तिचे अध्यक्ष, लेखनिक आणि मुद्रक. सोसायटीने एका सरकारी लिलावात जुनी डिझेल जीप घेतली होती. दारावरची सरकारी अक्षरं खरवडली तरी उन्हात दिसायची. चारही चाकांना जोर देता येत असल्यामुळे ती चिखलात, धानाच्या बांधीत, तलावाच्या पारीवर म्हणजे बांधावर, कुठेही शिरायची, म्हणून तिचं नाव पडलं भैस. बाबांना ती चालवता येत असे, पण त्यांचं लक्ष रस्त्यापेक्षा रस्त्याकडेच्या माणसांकडे जास्त. त्यामुळे मी गाडी शिकले आणि कॉलेज संपेपर्यंत भैस माझ्याच हातात आली. मी गाडी चालवायची, बाबा शेजारी बसून थांब्याथांब्याला पत्रकं वाटायचे, आणि मागे आई, जाळी आणि बर्फाच्या पेट्या. मोहाडीच्या बाजारात कुणीतरी पहिल्यांदा मला गिअर टाकताना पाहून म्हणालं, "लहानूभाऊ, पोरीले गाडी देल्ली?" बाबा म्हणाले, "गाडी नाही देल्ली. तिनं घेतली."

भैसीची खरी गरज पावसाळ्यात. तलाव भरला की त्यात बीज सोडावं लागतं, म्हणजे बोटाच्या पेरापेक्षा लहान अशी माशांची पिल्लं. पवनीच्या बाजूला एक बीज केंद्र होतं. तिथे पिल्लं प्लास्टिकच्या मोठ्या पिशव्यांत थोड्या पाण्यात भरतात, वरून प्राणवायू सोडतात आणि तोंड करकचून बांधतात. त्यानंतर वेळ हीच वैरी. भंडारा ओलांडून, मोहाडीवरून, गावापर्यंत न थांबता यायचं आणि आतलं पाणी तापायच्या आत पिशव्या तलावात तरंगत सोडायच्या. त्या वर्षी पहिली खेप आणताना भैस तापली. भंडाऱ्याच्या पुढे आल्यावर इंजिनच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला, बोनेटखालून वाफ आली आणि आम्ही भर रस्त्यात उभे. पाणी घालायला झाकण उघडता येईना इतकं ते उकळत होतं. इंजिन निवेपर्यंत आई पिशव्यांवर ओली पोती टाकत राहिली, पदराने वारा घालत राहिली. गावात पोचलो तेव्हा पारीवर बायका हळदकुंकू घेऊन उभ्या होत्या. पिशवीचं तोंड सोडलं, तर पाण्यावर पांढरे धागे तरंगावेत तशी पिल्लं. एका म्हातारीने हळदकुंकवाचं ताट पदराखाली झाकलं आणि ती घराकडे वळली.

तलावाच्या मासोळीवर एका ठोक व्यापाऱ्याचा डोळा होता. आम्ही त्याला नुसतं सेठ म्हणायचो. दुसऱ्याच दिवशी त्याचा निरोप आला. निरोप घेऊन आला त्याचा ड्रायव्हर विलास, शेजारच्या गावचा, आमच्याच समाजाचा, केसांना भरपूर तेल लावणारा पोरगा. पारीवर बसून त्याने सांगितलं, "सेठ मनते का, आपली पिकअप घेऊन जा. नवी हाय, तापत नाही. बीज आना, बरफ आना. फक्त मासोळी निंगाली का सारी त्याच्याच काट्यावर गेली पाह्यजे." सोसायटीतल्या दोघातिघांनी खाली पाहिलं. ते नाही म्हणत नव्हते, आणि मला तेच टोचलं. आमच्या आजोबांच्या पिढीने तलाव सेठ लोकांच्या तावडीतून सोडवण्यात हयात घालवली होती, आणि आता एका रेडिएटरपायी तो परत जाणार होता. मी उभी राहून पत्रकी भाषेत बरंच काही बोलले. विलासने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, मले काहून बोलून राह्यली? मी डायवर होय."

बीज केंद्रावर विचारलं तर साहेबांनी सांगितलं की हंगामातली शेवटची खेप उरली आहे. सोमवारी या, नाही आलात तर दुसऱ्या सोसायटीला देऊ. म्हणजे प्रश्न एवढाच उरला होता. सोमवारपर्यंत भैस का तापते ते सापडलं तर तलाव आमचा, नाही सापडलं तर तलावात एक तर काहीच नसणार, किंवा जे असेल ते सेठचं.

मोहाडीला बाजारओळीच्या टोकाला गोविंदा मिस्त्रीचं गॅरेज होतं. गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, कानामागे पेन्सिल आणि तोंड सतत चालू. आपल्यासारखा डिझेलवाला अख्ख्या जिल्ह्यात नाही, असं तो दर भेटीत सांगायचा. बाबांची आणि त्याची मैत्री जुनी, पण तिच्यात एक खोच होती. मागे कधीतरी त्याने गॅरेजात पडलेल्या एका फलकाला ऑइलचे हात पुसले होते. तो फलक आमच्या मोर्च्याचा निघाला. त्यावरून बाबा त्याच्याशी कितीतरी दिवस बोलले नव्हते. "घोषना म्हंजे पोतेरं नोहे, मिस्त्री," हे त्यांचं वाक्य गॅरेजातले कारागीर अजून एकमेकांना ऐकवायचे. त्यानंतर बाबांनी नेम करून घेतला. गॅरेजच्या आधीच्या वळणावर गाडी थांबवायची, गाडीवर असेल तो झेंडा किंवा फलक सोडायचा, घडी घालून मांडीवर घ्यायचा आणि मगच आत जायचं. मृताच्या घरी जाताना चपला बाहेर काढतात तितक्या शांतपणे ते हे करायचे, आणि आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की ते दिसेनासं झालं होतं.

मिस्त्रीने सगळं केलं. खरं तर सुरुवातीला दोष सापडलाही होता. एका रबरी नळीला बारीक चीर होती आणि सोसायटीतल्या कुणीतरी ती गळती थांबावी म्हणून रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकली होती. "हे गाडी होय का कढी होय?" असं ओरडत मिस्त्रीने रेडिएटर खाली करून धुतला, पिवळं पाणी गॅरेजभर पसरलं. नळी बदलली. पंख्याचा पट्टा बदलला. थर्मोस्टॅट काढून गरम पाण्याच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, टाकून पाहिला, तो बरोबर उघडला. इंजिन चालू करून त्याने जाळीसमोर कागदाचा कपटा धरला, तो सप्पकन जाळीला चिकटला, म्हणजे पंखा वारा ओढत होता. मग स्वतः मोहाडीच्या बाहेर एक मोठा फेरा मारून आला. काटा मधोमध, जरासाही हलला नाही. आम्ही खूश होऊन निघालो, आणि त्याच संध्याकाळी भंडाऱ्याला बर्फ आणायला गेलो तर वाटेतलं मुजबी ओलांडायच्या आधी काटा लाल पट्ट्यात. परत गॅरेज. परत काटा शहाण्यासारखा मधोमध.

"लहानूभाऊ, तुमची भैस माह्यासमोर लाजते," मिस्त्री म्हणाला.

"मंग रस्त्यावर काहून तापते?"

"रस्त्यावर तुम्ही तिले भाषन देत असान."

पण शनिवारी त्याचाही चेहरा उतरला. त्याने खर्रा थुंकला आणि टोपी मागे सारून म्हणाला, "आता एकच उरलं. इंजिनचं हेड गेलं असन. हेड उतरवाचं, भंडाऱ्याले नेऊन तपासाचं."

"केव्हा होईन?" आईने विचारलं. ती गॅरेजच्या दारात बसून राहायची, आत यायची नाही.

"पोया होऊन जाईन, वयनी."

पोळा म्हणजे हंगाम संपला. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. माझं डोकं मात्र पेटलं. एखादी गोष्ट 'असन' वर चालते आणि तिच्यावर अख्ख्या तलावाचा निकाल लागतो, हे मला सहन होईना. मी म्हटलं, "काका, हेड गेलं तर काय काय दिसते?"

"रेडेटरमंदी बुडबुडे दिसते. ऑइल दुधाच्या चहावानी होते. मांगून पांढरा धूर येते."

"बुडबुडे हायेत?"

"नाईत."

"ऑइल?"

"काळं कुळकुळीत. बेस हाय."

"धूर?"

"नाई ना बाप्पा."

"मंग हेड कसं गेलं?"

"अवं पोरी, बाकी सारं पाहून झालं ना! उरलं तेच गेलं असन."

मला तेव्हा जे सुचलं ते पत्रकं वाचण्यातूनच सुचलं असं मी मानते. कचेरीतला साहेब गावचा प्रश्न टेबलावर बसून सोडवतो आणि तिथे प्रश्न कधी दिसतच नाही, हे वाक्य मी लहानपणापासून किमान दहा वेगवेगळ्या मथळ्यांखाली वाचलं होतं. मी म्हटलं, "काका, भैस तुमच्याकडे बिमार पडतच नाही. तुम्ही तिले गॅरेजातच पाहता. सोमवारी आमच्यासंगं चला. जिथं तापते तिथं पाहा."

"मले दुसरे काम नाईत का?"

"अख्ख्या जिल्ह्यात तुमच्यासारखा कोनी नाही मनता ना?"

बाबा खो खो हसले. मिस्त्रीने मला एक शिवी दिली, प्रेमाची, आणि सोमवारी पहाटे तो खरंच पान्यांची पिशवी घेऊन मोहाडीच्या चौकात उभा होता.

निघताना बाबांनी नेहमीप्रमाणे भैसीच्या तोंडावर फलक बांधला होता. त्या वर्षी तलावाच्या लिलावाची आवई उठली होती, म्हणून आधी बाजूला लावायच्या छोट्या झेंड्याऐवजी त्यांनी हा मोठा फलक केला. वाऱ्याने फाटू नये म्हणून दुहेरी मांजरपाट, त्याला खळ, त्यावर लाल ऑइलपेंट. एका दिव्यापासून दुसऱ्या दिव्यापर्यंत रुंद. अक्षरं मी काढली होती: 'तलाव राबणाऱ्यांचा'. प्लास्टिकचा फलक बाबांना चालत नसे. ज्या वस्तूने गाई मरतात त्यावर आपण न्याय लिहायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. मिस्त्री माझ्या शेजारी बसला, बाबा आणि आई मागे रिकाम्या पेट्यांवर. धानाची रोवणी चालू होती, दोन्हीकडच्या बांध्यांत वाकलेल्या बायकांच्या पाठी आणि त्यांच्या हसण्याचे तुकडे मागे पडत होते. मिस्त्री बोलत होता, मी काट्याकडे पाहत होते. मोहाडीपासून थोडं पुढे आल्यावर रस्ता मोकळा झाला, मी वेग घेतला, आणि काटा चढायला लागला.

मिस्त्री बोलायचा थांबला. इतक्या वर्षांत मी त्याला पहिल्यांदा गप्प पाहिलं. काटा लाल पट्ट्याला टेकला तेव्हा तो म्हणाला, "बाजूले घे. बंद नको करू. चालूच राहू दे, जरासा रेस ठेव." एका मोहाच्या झाडाखाली मी गाडी घेतली. बोनेट उघडलं. त्याने नळ्या चाचपल्या, हात झटकत म्हणाला, "पानी फिरून राह्यलं." पट्टा पाहिला. ऑइलची पट्टी ओढून पाहिली, काळी. मागे जाऊन धूर पाहिला, रोजचाच. मग कमरेवर हात ठेवून तो भैसीकडे असा पाहत उभा राहिला, जसा माणूस घरातल्याच कुणीतरी फसवल्यावर पाहतो. आई खाली उतरली होती. तिने मला विचारलं, "सेठच्या डायवरले सांगून ठेवाचं का?" ती रडत नव्हती. ती खरोखरच विचारत होती.

एवढ्यात बाबा पुढे गेले आणि फलकाची गाठ सोडायला लागले. मिस्त्री आता कामाला लागणार, त्याचे हात तेलाचे, म्हणून फलक आधी काढून घडी घालायचा. रोजचंच. मी ते पाहत होते आणि एकदम मला गॅरेजच्या आधीचं वळण आठवलं. मी ओरडले, "बाबा, हात नका लावू!"

बाबा दचकले. "काहून वो?"

"सोडू नका. तसाच राहू द्या." मी मिस्त्रीकडे वळले. "काका, तुमच्याकडे आलो तेव्हा हे कधी बांधलेलं होतं?"

मिस्त्रीने फलकाकडे पाहिलं. वाचला. बहुधा पहिल्यांदाच वाचला. "हे? हे तर गॅरेजात मी पाह्यलंच नाही कधी."

"तेच ना. तुमच्याकडे येताना बाबा काढून घेतात. तुम्ही फेरा मारला तेव्हाही नव्हतं."

मिस्त्रीने बाबांच्या खांद्यावरच्या शबनममध्ये हात घालून एक पिवळं पत्रक ओढलं. फलकाची बाजू वर धरून त्याने पत्रक आत जाळीजवळ नेलं. पंख्याने ते हातातून हिसकावून घेतलं आणि जाळीला लावलं, 'जाहीर आवाहन' आमच्याकडे तोंड करून. त्याने दुसरं पत्रक फलकाच्या बाहेरून टेकवलं आणि सोडलं. ते सरळ खाली पडलं. कापडाला खळ, खळीवर ऑइलपेंट. वारा जायला सुईएवढी जागा नव्हती. त्याच वेळी पंखा आतून ओढत होता आणि फलक जाळीला आणखी घट्ट बिलगत होता. "आता सोड, लहानूभाऊ," मिस्त्री म्हणाला, "आता सोड." बाबांनी गाठ सोडली. मी आत जाऊन बसले, इंजिन तसंच चालू, पायाने जरासा रेस. आई खिडकीतून आत डोकावून काट्यावर नजर लावून होती. आधी काहीच झालं नाही. मग काटा लाल पट्ट्यातून सुटला, आणि नंतर आळसावलेल्या माणसाने कूस बदलावी तसा हळूहळू मधल्या खुणेवर आला. आई म्हणाली, "माय माय माय," आणि तिथेच गाडीच्या पायरीवर बसली.

त्यानंतर मिस्त्री जे हसला ते हसणं मला आजही ऐकू येतं. तो मोहाच्या बुंध्याला धरून हसत होता. "अरे, मी हेड उतरवत होतो गा! पोयापर्यंत उतरवत होतो! अना ह्या मानसानं भैसीचं नाक बांधलं!"

बाबा घडी घातलेला फलक छातीशी धरून उभे होते. लाजले होते, पण वाकले नव्हते. म्हणाले, "फलक तर लागनच. लिलाव व्हाचा हाय."

"मांगं बांधा ना."

"मांगं कोन वाचन?"

"लहानूभाऊ, समोरून येनारा भुर्रकन जाते. मांगचा तुमच्या भैसीमांगं अर्धा घंटा अटकून राह्यते. शिव्या देता देता पूर्न वाचन."

यावर बाबांनी खरोखर विचार केला. त्यांच्या चेहऱ्यावर मी ते पाहिलं. मग त्यांनी फलक मागच्या फळीवर बांधला आणि चार पावलं दूर जाऊन वाचून पाहिला. माझ्यावर आजही कुणी आरोप करतं की तुम्ही तत्त्वासाठी गाडी बंद पाडता. मी म्हणते, पाडली होती. मग ते तत्त्व आम्ही मागच्या फळीवर नेलं. सोडलं नाही.

पण आनंद करायला अजून अवकाश होता. मिस्त्रीने बजावलं, "इतके दिवस तापली, आतून काही वाकलं असन तर भरल्या गाडीत समजन. केंद्रावर जाईपर्यंत पाहू. हलला काटा, तर बीज नाही भराचं." पवनीच्या रस्त्याला लागेपर्यंत माझा एक डोळा रस्त्यावर आणि एक काट्यावर होता. भंडाऱ्यात पितळी भांड्यांच्या दुकानांसमोर ऑटोंची गर्दी झाली, त्यात आम्ही खोळंबलो, उन्हं वर आली, काटा तिथेच. वैनगंगेच्या पुलावर तिथेच. केंद्रावर पोचलो तेव्हा मिस्त्रीने झाकणावर ओलं फडकं टाकून ते हलकेच उघडलं, आत टॉर्च मारला, बुडबुडे नाहीत असं पाहिलं आणि एकच शब्द बोलला, "भरा."

परतीचा रस्ता मी चालवला असं म्हणायचं, पण खरं तर तो आईने चालवला. ती मागे पिशव्यांमध्ये बसली होती, ओली पोती सारखी करत, आणि प्रत्येक खड्ड्याच्या आधी "हऊऽ" म्हणत होती, बैलांना म्हणतात तसं. मी तिच्या आवाजावर ब्रेक मारत होते. मिस्त्री मोहाडीला उतरणार होता, तो उतरलाच नाही. "आता शेवट पाहूनच जातो," म्हणाला. गावच्या वाटेवर चिखल होता. मी चारही चाकांना जोर दिला, लहान गिअर टाकला, आणि पारीची चढण आली. इंजिन गुरगुरलं, सगळा भार मागे ओढत होता. तापायचं असेल तर ते इथेच तापणार होतं. मी काट्याकडे पाहिलंच नाही. मला धीर झाला नाही. मिस्त्री पाहत होता. पारीच्या माथ्यावर गाडी सपाट झाली तेव्हा त्याने माझ्या डोक्यावर टपली मारली. "पाह्य आता," म्हणाला. काटा मधोमध होता.

पारीवर सेठची पिकअप उभी होती. भैस रस्त्यात बसेल या हिशेबाने विलासला सकाळपासून तिथे थांबवून ठेवलं होतं. त्याने आम्हाला येताना पाहिलं, बिडी विझवली, आणि मला वाटलं आता हा काहीतरी बोलणार. मी माझं उत्तर तयार ठेवलं. पण त्याने पँट गुडघ्यापर्यंत वर केली, मागे येऊन पहिली पिशवी उचलली आणि ती छातीशी धरून पाण्यात उतरला. त्याला शिकवायची गरज नव्हती, हे काम त्याने बापाबरोबर केलेलं होतं. पिशव्या पाण्यावर ठेवल्या, आतलं आणि बाहेरचं पाणी एकसारखं होईपर्यंत त्या तशाच तरंगू दिल्या. बायका आल्या होत्या, या वेळी रिकाम्या हातांनी, आणि काठावर एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. त्या थांबण्यात मी तलावावर काय काय मागितलं असेल, ते कुठल्याही पत्रकात बसणार नाही.

मग आईने पहिल्या पिशवीचं तोंड सोडलं आणि ते पाण्याखाली तिरपं धरलं. काहीच झालं नाही. बारीक पिल्लं पिशवीच्या तळाशी दाटून राहिली होती, एका जागी, निश्चल. म्हातारीने तोंडाला पदर लावला. आईने पिशवी जराशी हलवली. एक पिल्लू तोंडाशी आलं, थांबलं, आणि सुळकन बाहेर पडलं. त्याच्यामागे दुसरं. मग पिशवीच्या तोंडातून एक काळसर धार लागली आणि काठचं पाणी उकळल्यासारखं हललं. बायका हसायला लागल्या, एकदम, मोठ्याने, कारण नसताना एकमेकींना मारायला लागल्या. मिस्त्री कपड्यांसकट गुडघाभर पाण्यात उतरला होता आणि बाबा त्याचा हात धरून उभे होते, दोघांपैकी कोण कुणाला सावरत होतं ते कळत नव्हतं.

विलासचा मोबाइल वाजला. पाण्यात रेंज नव्हती, म्हणून तो ओल्या पायांनी पारीवर चढला आणि एका कानावर हात ठेवून, सगळ्या तलावाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलला. "हाव सेठ, पोचले... नाई, गाडी नाई तापली... नाई सेठ, आपली पिकअप नाई लागली." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. विलासने वळून पाण्याकडे पाहिलं. त्याच्या बापाच्या, आजाच्या तलावासारखंच ते पाणी होतं, आणि तो हसत होता. तो म्हणाला, "जिते हायेत, सेठ. सारे जिते हायेत."